रवळूच्या पेपरासाठी माग बंद

हे लिहिणारच न्हवतो. वडील, म्हणजे आप्पा, म्हणाले, घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. पण गल्लीत आता ती तीन तऱ्हेनं सांगतात, आणि एका तऱ्हेत आम्ही पोराला माळ्यावर कोंडून घातलतं. म्हटलं, मग आपणच टाइप करू. मोबाईलवर करतोय. मधनं मधनं मागावर धागा तुटतो, उठावं लागतं.

मी मंथन. बेळगावात वडगावला असतो. घराच्या खालच्या अंगाला आमचे पॉवरलूमचे चार माग हायत, साड्या विणतो. दहावीनंतर मी मागावरच. लोक म्हणतात शाळा सोडली. मी म्हणतो संपली.

रवळू माझा दोस्त. नंदगडच्या पुढं एक खेडं हाय, तिथला. नाव आज्ज्याचं ठेवलंय, आता ह्या वयाच्या पोराचं असलं नाव कुठं ऐकायला मिळत न्हाय. आमची ओळख सांबऱ्याच्या टेनिस बॉल टूर्नामेंटला झाली. तो अंपायर होता. त्यानं मला पहिल्याच बॉलवर आउट दिला. मी आउट होतोच. बाकी कुठल्या अंपायरनं दिला नसता, कारण बॅट माझी होती आणि ती सगळ्यांना लागत होती. तेव्हापास्नं त्याच्यावर विश्वास बसला.

तो एम.एस्सी. करतोय, गणितात. युनिव्हर्सिटी हायवेला, काकतीच्या पुढं. हॉस्टेलला नंबर लागला न्हाय. शहरात कॉट बेसिस बघितला तर आधी डिपॉझिट मागतात. डिपॉझिट असतं तर तो कॉट कशाला बघत बसला असता. सुरुवातीला एका मित्राच्या रूमवर चोरून राहिला. मालकानं बाहेर चपला मोजल्या आणि काढला. मग घरनं ये-जा सुरू केली. पहाटेची पहिली एस्टी, बेळगावात बदलायची, परत दुसरी. वर्गात पोचायचा तेव्हा अर्धा तास होऊन गेलेला असायचा, आणि पोचला की झोपायचा.

त्याचे वडील नागोजीकाका वीटभट्टीवर हायत. त्यांनी सांगून ठेवलतं की म्हापशाला मामा ज्या हॉटेलात हाय तिथं एक जागा धरून ठेवलीय. एक जरी पेपर गेला तरी बॅग भरायची आणि गोव्याला जायचं. ते रागानं बोलत न्हाईत. विटा रचल्यासारखं एकावर एक ठेवत बोलतात. त्यामुळं खरंच करतील असं वाटतं.

तर मी रवळूला म्हटलं, आमच्यात ये. मागाच्या वरती माळा हाय, साड्यांचे गठ्ठे ठेवतो, अर्धा रिकामा हाय. हवा येते. लाइट हाय. शांत हाय.

शांत हाय असं मी खरंच म्हटलं. मनापासून म्हटलं.

आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, फुकट न्हाय. फुकट राहणारा माणूस सारखा दाराकडं बघत जेवतो. काहीतरी भाडं घ्यायचं, त्याला परवडंल तेवढं, पण घ्यायचं. कॉट बेसिसवाले घेतात त्याच्या पाव हिश्श्यावर ठरलं. डिपॉझिट म्हणून आईनं त्याच्याकडनं एक शब्द घेतला की जेवणाच्या वेळेला यायचं.

रवळू आला. ट्रंक, गादी, पुस्तकं. माळ्यावर चढला. खाली आप्पांनी चारी माग सुरू केले.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत सगळी जन्मल्यापास्नं मागाच्या आवाजात वाढलीत. आम्हाला तो ऐकूच येत न्हाय. पाळण्यातलं पोरगं रडायला लागलं तर बाकीच्या ठिकाणी गाणं म्हणतात, आमच्यात पाळणा मागाजवळ सरकवतात. झोप आवाजात लागते आणि माग थांबला की जाग येते. दुपारी करंट गेला की अख्खी गल्ली उठून बसते. आणि बोलायचं म्हणाल तर आम्ही ओठ बघून बोलतो, हातानं बोलतो, लग्नात गेलो की जरा ओरडून बोलतो.

रवळूला ओठ वाचता येत न्हवतं. तो पहिले पंधरा-वीस दिवस प्रत्येक गोष्टीला मान हलवायचा. आईनं विचारलं भाकरी वाढू का, मान हलवली. अजून एक? मान हलवली. आईला वाटलं पोरगं किती समाधानी हाय. आप्पांनी विचारलं संकेश्वरच्या लग्नाला येणार का, मान हलवली. आप्पांनी गाडीत त्याची जागा धरली आणि तो खरंच आला. कुणाचं लग्न हाय हे त्याला तिथं जेवताना कळलं.

मी विचारायचो, कसं हाय रं वरती? तो म्हणायचा, एकदम बेस. चेहरा जरा ओढलेला दिसायचा. मी म्हटलं गणित असंल.

मग परीक्षा लागल्या. पेपर होते चार. तीन झाले. तिसऱ्या पेपराच्या संध्याकाळी समोरच्या रुक्माआक्का आमच्या दारात आल्या. ह्या एकट्याच असतात, पोरगा पुण्याला. आईला खुणेनं बाहेर बोलावलं. म्हणजे काहीतरी महत्त्वाचं. साध्या गोष्टी त्या रस्त्यातनं सांगतात.

त्यांनी सांगितलं ते असं. तुमचा भाडेकरू रोज संध्याकाळी शहापूरच्या स्मशानात बसतो. वही घेऊन. सिमेंटच्या बाकड्यावर, ट्यूबलाइटच्या खाली. काहीतरी पुटपुटतो, बोटानं हवेत काढतो. परवा एक मयत आलती तेव्हा उठून उभा राहिला, सगळं होईपर्यंत थांबला, आणि परत बसला.

आईनं विचारलं, तुम्ही कशाला गेलता?

आक्का म्हणाल्या, माझी मावसजाऊ गेली न्हवं परवा.

रवळू घरी आला तेव्हा आप्पांनी त्याला खाली बसवलं. आक्का गेल्या न्हवत्या. रुक्माआक्का असली गोष्ट अर्धी सोडून जात न्हाईत. आप्पांनी चारी माग जरा लवकर थांबवले, हे विशेष. आणि सरळ विचारलं, स्मशानात कसली विद्या करतोस?

रवळूनं जमिनीकडं बघितलं. समोर बसवून सरळ विचारलं की त्याला खोटं बोलता येत न्हाय, आउट दिला तेव्हाच कळलतं. तो म्हणाला, "अभ्यास करतो आप्पा. तिथं शांत असतं."

"आणि इथं?"

रवळूनं थांबलेल्या मागाकडं बघितलं.

"इथं काय हाय?" आप्पांनी परत विचारलं.

"आवाज हाय जरा."

"कसला आवाज?"

मला वाटलं आप्पा चिडलेत. ते चिडले न्हवते. त्यांना खरंच प्रश्न पडलता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कान देऊन ऐकलं. परशरामअण्णाचे सहा माग शेजारी चालू होते. त्यांच्या पलीकडं आणि चार. मी विचार केला, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की व्हय, आवाज हाय.

रवळूनं मग हळूहळू सगळं सांगितलं. रात्री आमचे माग बंद झाले तरी गल्लीत कुणाची तरी रातपाळी चालूच असते, आणि डोक्यात पण. झोप लागते न लागते तोवर सकाळी सहाला परत सुरू. जागा दिली हेच लई होतं, त्यात अजून तक्रार कशी करायची. आणि दुसरीकडं जायचं कुठं. म्हणून स्मशान. तिथं भाडं न्हाय, राखणदार चहा देतो, आणि कुणी बोलत न्हाय.

आप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, शेवटचा पेपर कधी?

परवा सकाळी दहाला, रवळू म्हणाला.

"उद्या दुपारपास्नं माग बंद. पेपर होईपर्यंत बंद. तू वर बस."

रवळू नको नको म्हणाला. आप्पांनी हातानं खूण केली. आमच्यात त्या खुणेवर अपील न्हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आप्पांनी चारी माग बंद केले. मी त्यांना कधी भर दिवसा माग बंद करून नुसतं बसलेलं बघितलं न्हवतं. ते खुर्चीत बसले आणि हातांचं काय करायचं ते त्यांना कळंना.

आता एक चूक इथं झाली. आप्पांनी गल्लीत कुणाला सांगितलं न्हाय. आणि आमच्या गल्लीत भर दिवसा, करंट असताना, माग एकाच कारणानं बंद होतात. मयत झाली तर. ज्याच्या घरात झाली त्याचे पहिल्यांदा बंद होतात, मग शेजाऱ्याचे, मग त्याच्या शेजाऱ्याचे. माती होईपर्यंत कुणी चालू करत न्हाय.

पहिल्यांदा परशरामअण्णाचे सहा माग थांबले. मग पलीकडचे. मग समोरच्या ओळीतले. गल्लीच्या टोकापर्यंत एकेक करून गप झाले. आम्हाला शेवटच्या घरातला रेडिओ ऐकू आला. तो रोज चालू असतो, हे आम्हाला माहीत न्हवतं.

परशरामअण्णा दारात आले. खांद्यावर टॉवेल, तोंड बारीक. आत वाकून बघितलं, माझी आई दिसली, आप्पा दिसले, मी दिसलो. माणसं पूर्ण भरली. त्यांनी हळू आवाजात विचारलं, कोण?

आप्पा म्हणाले, "कोण न्हाय. पोरगा अभ्यास करतोय."

अण्णांनी टॉवेल खांद्यावरनं काढला, परत ठेवला. "मग किती वाजता?"

"उद्या दहाला."

"उद्या?"

"पेपर हाय."

तोवर मागं आणि पाच-सहा जण आलते. एकानं हार आणलता. त्यानं तो पाठीमागं धरला. बायकांनी आईला विचारलं, आईनं वर माळ्याकडं बोट केलं, दोघींनी वर बघून हात जोडले. खरं कारण कळल्यावर कुणी हसलं न्हाय. हसायचं की न्हाय हे ठरवायला परशरामअण्णांकडं बघत होते, आणि अण्णा विचार करत होते.

अडचण अशी की ज्याच्या घरासाठी बंद केलं त्याच्या आधी आपला माग चालू करणं आमच्यात बरं दिसत न्हाय. माणूस मेलेला असो नसो. अण्णा शेवटी म्हणाले, बरं. उद्या दहाला. आणि गेले. हारवाला जाताना हार आमच्या देवाला घालून गेला. एवढ्या लांबनं आणलता.

तर अख्ख्या गल्लीचे माग दुपारपास्नं बंद. एका दिवसाचं काम गेलं. कुणी तोंडानं काही बोललं न्हाय. मनात बोलले असतील.

रवळू रात्री जेवायला उतरला न्हाय; आई म्हणाली, आजच्या दिवस शब्द माफ. त्या रात्री आमच्या घरात कुणाला झोप लागली न्हाय. साहजिक हाय. मी कूस बदलत होतो, आप्पा उठून पाणी पिऊन आले, आई म्हणाली घड्याळाची टिकटिक किती मोठी हाय गं बाई. पहाटे बाहेर आलो तर गल्लीतले निम्मे लोक कट्ट्यावर बसलते. सगळ्यांची तोंडं सुजलेली. आणि प्रत्येकजण माळ्याच्या खिडकीकडं बघून म्हणत होता, पोरगं रात्रभर बसलंय बघ. एवढ्या शांततेत कोण झोपंल.

हे आम्ही सगळे धरूनच चाललतो.

सकाळी आईनं चहा केला, मी वर नेतो म्हटलं. आप्पांनी अडवलं. म्हणाले, वर जाऊ नको, लक्ष मोडंल. चहा शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवला. थंड झाला. दुसरा ठेवला. तोही थंड झाला. आई म्हणाली, किती गुंगलाय. शिडीजवळ त्याच्या चपला होत्या. मी बघितल्या. मला वाटलं निघायची वेळ झाली की उतरंल, त्याला वेळ कळतो, गणिताचा हाय. आम्ही सगळे पाय न वाजवता फिरत होतो. आप्पांना शिंक आली ती त्यांनी बाहेर जाऊन दिली.

रुक्माआक्का आल्या आणि कानात म्हणाल्या, पेपर दहाला हाय न्हवं? साडेनऊ वाजले की.

मी शिडी चढलो.

रवळू झोपलता. तोंड उघडं, हातात पेन, पेनाचं टोपण छातीवर. दोन महिन्यात पहिल्यांदा माणसासारखा झोपलता. नंतर म्हणाला, संध्याकाळी पाच मिनिटं डोळं मिटलं एवढंच आठवतंय. मोबाईलला अलार्म त्यानं कधी लावलाच न्हवता. सहाला खाली चार माग सुरू होत असताना अलार्म कशाला.

मी हलवला. तो उठून बसला, कान दिला, आणि म्हणाला, "करंट गेलाय काय?"

गाडी मी चालवली. जास्त सांगत न्हाय. हायवेला ऊसाचे ट्रॅक्टर होते, दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांना काही घाई न्हवती. पोचलो तेव्हा अर्ध्या तासाच्या वर झालतं आणि अर्ध्या तासानंतर आत घेत न्हाईत. रवळूनं हुज्जत घातली न्हाय. नियम हाय म्हणाला. अंपायर शेवटी.

घरी आल्यावर त्यानं सगळ्यांच्या समोर वडिलांना फोन लावला. मी म्हटलं, आजारी होतो म्हण. आई म्हणाली, गाडी पंक्चर झाली म्हण. रुक्माआक्का म्हणाल्या, मयत झालती म्हण, सगळी गल्ली साक्ष देईल. तो म्हणाला, "आबा, झोप लागली. पेपर गेला."

पलीकडनं नागोजीकाका म्हणाले, उद्या येतो. बॅग भरून ठेव.

त्यानं भरली. वेळ लागला न्हाय, सामान होतंच कितीसं. आप्पा त्या दिवशी जेवले न्हाईत. आपण एवढं केलं तरी पेपर गेला, त्याचं वाईट वाटतंय म्हणाले. आई म्हणाली, आपण एवढं केलं म्हणूनच. 

नागोजीकाका आले ते भट्टीवरनं सरळ. पायजम्याला लाल माती. आम्ही रोजच्यासारखे माग सुरू केलते, त्यामुळं ते दारातच थबकले. कानावर हात ठेवायचं त्यांच्या मनात आलं, दिसलं मला, पण पाहुणा माणूस, ठेवला न्हाय. आप्पा काहीतरी म्हणाले. काकांनी मान हलवली. आईनं भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर त्यांनी खुणेनं विचारलं, कुठं राहत होता? मी शिडी दाखवली. ते एकटेच वर चढले. आम्ही खाली थांबलो. रवळू बॅगेवर बसलता. काका बराच वेळ वरच होते. उतरले तेव्हा डोळं जरा बारीक झालते.

त्यांनी आप्पांना माग थांबवायला सांगितलं. पाहुण्यानं सांगितलं म्हणून आप्पांनी थांबवले. गल्लीतनं लगेच परशरामअण्णा बघायला आले. आप्पांनी हातानंच सांगितलं, कोण न्हाय, कोण न्हाय.

काका रवळूला म्हणाले, "ह्याच्यात राहून तीन पेपर दिलास?"

"व्हय."

"लिहिलास? पुरा?"

"पुरा लिहिला."

काकांनी बॅगेकडं बघितलं. "मग तू हॉटेलात काय करणार," ते म्हणाले. "कपबशा धुवायला एवढा माणूस लागत न्हाय."

गेलेला पेपर पुढच्या वेळेला परत देता येतो, हे रवळूनं त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण इथं ठेवणार न्हाय म्हणाले, ह्या माळ्यावर माझी म्हैस पण ठेवणार न्हाय. आप्पांचं तोंड उतरलं. आप्पा म्हणाले, मग शहरात डिपॉझिट कुठनं आणायचं?   एका बॅगेभोवती सगळे उभे.

रुक्माआक्का दारात होत्याच. म्हणाल्या, "माझी मागाची खोली हाय की."

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचे माग नवरा वारल्यावर भंगारात गेले. खोली तशीच, मोठी, हवेशीर, मागच्या बाजूला, भिंती जाड, दार लावलं की परशरामअण्णाचे माग पण लांब गेल्यासारखे वाटतात. आमच्या दारातनं दिसते. मी रोज बघतो. गल्लीत तसल्या खोल्या अजून चार-पाच हायत. पण माग थांबलेलं घर पाहुण्याला दाखवायचं आमच्यात कुणाच्या डोक्यात येत न्हाय. ते मेलेलं घर. आपण आपल्याकडनं चांगलं तेच द्यायचं, म्हणून आम्ही चालू मागावरचा माळा दिलता.

आप्पांनी विचारलं, आधी का बोलला न्हाईसा?

"बंद घर हो आमचं. तिथं कोण राहंल म्हटलं." मग त्या काकांकडं वळल्या. "भाडं तेवढंच. आणि सगळ्या गल्लीनं एक दिवस माग बंद ठेवलेत ह्याच्यापायी. आता पास झाल्याबिगर ह्याला सोडत न्हाय आम्ही."

काका रिकाम्या हातानं परत गेले. जाताना बॅग त्यांनीच रस्ता ओलांडून आक्कांच्यात नेऊन ठेवली.

रवळू आता तिथं असतो. परवा त्याच्याबरोबर अजून एक पोरगं खोली बघायला आलतं, निपाणीकडचं, त्यालाही हॉस्टेल मिळालं न्हाय. परशरामअण्णांनी त्याला आधी आपल्या चालू मागांची खोली दाखवली. सवय जात न्हाय.

काल कट्ट्यावर बसलतो तेव्हा रवळू म्हणाला, मंथ्या, त्या खोलीत झोप लई लागते. भीती वाटते आता. पेपर परत येईल, मी परत झोपंन. अलार्म दोन लावलेत, दोन्ही झोपेत बंद करतो. आक्कांना सांगितलं तर त्या म्हणतात, झोपू दे, दमलंय पोरगं.

मी म्हटलं, पेपराच्या दिवशी मी येतो. हाक मारणार न्हाय, खांदा धरून उठवणार. तू उठून, तोंड धुऊन, चपला घालून दारातनं बाहेर पडलेला बघितल्याशिवाय मी माझे माग चालू करणार न्हाय.